पोरगा युगांडाला चाललाय. तिथं एवढा मलेरिया का, आणि आपल्याकडं तेवढा का नाही?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. इथं दवाखान्यातली, कारखान्यातली, सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतो.

माझा थोरला पोरगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. युगांडातल्या एका कारखान्यानं त्याला बोलावलंय. दोन वर्षांचा करार, राहायला क्वार्टर, पगार इथल्यापेक्षा बरा. पोरगा खूश. पण त्याच्या आईनं कुठंतरी ऐकलं की तिकडं मलेरियानं माणसं मरतात, आणि तेव्हापासून घरात रोज तोच विषय. मी म्हटलं, मलेरिया काय आपल्याला नवा आहे का? मला लहानपणी झालेला. थंडी वाजायची, अंगावर गोधड्या टाकायचे, कडू गोळ्या द्यायचे, चार दिवसांत मी परत गल्लीत खेळायला. ती म्हणते, तिकडचा वेगळा असतो.

आता मला समजत नाही ते हे. ऊन इथंही आहे. डास तर विचारूच नका, सोलापूरच्या पूर्व भागात दिवेलागणीला दार उघडं ठेवून बघा. गटारी तुंबलेल्या असतात. गरिबीही आहेच की. मग जगातला सगळा मलेरिया आफ्रिकेतच का गोळा झालाय? हवेमुळं, डासामुळं, का पैशामुळं?

आणि जाता जाता अजून एक. मागं आमच्या गल्लीत आशाताई हौद तपासायला आल्या होत्या. अळ्या आहेत, हौद ओतून द्या म्हणाल्या. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ओतून द्यायचं कसं? आमच्या आईनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पिण्याच्या स्वच्छ पाण्यात मलेरियाचा डास होतो हे खरं आहे का?

पेठेतला_पप्पू

सोपं आहे की मालक. तिकडं घाण जास्त, म्हणून डास जास्त, म्हणून मलेरिया जास्त. आपल्याकडंसुद्धा रोज गल्लीत धुराची गाडी फिरवली तर एक डास राहणार नाही, पण फिरवतंय कोण? पोराला सांगा, झोपताना कडुनिंबाचा धूर करायचा. काय होत नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक

पप्पूशेठ, रागावू नका, पण तुमचं उत्तर बरंचसं चुकलंय. मी हिवतापाच्या कामात नोकरी काढली. सोलापूर जिल्ह्यातले बरेच तालुके सायकलवर आणि नंतर लुनावर पालथे घातले. पिशवीत काचपट्ट्या, सुई, कापूस, स्पिरिट आणि मलेरियाच्या क्लोरोक्विन गोळ्या. घरोघर जाऊन "ताप आलाय का कुणाला?" विचारायचं. आलेला असला की बोट टोचून रक्त काचेवर घ्यायचं, चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढचं घर. म्हणून थोडं लांबड लावतो, सवड असेल तर वाचा.

आधी घाणीचं काढून टाकू. गटारीत होतो तो क्युलेक्स. तो झोपू देत नाही, हत्तीरोग पसरवतो, पण मलेरिया देत नाही. मलेरियाच्या डासाचं नाव अ‍ॅनोफेलीस, आणि त्यातल्या आपल्याकडच्या जातींना निवळ पाणी आवडतं. बॅटरी मारून हौदात बघा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगत असली तर अ‍ॅनोफेलीस. डोकं खाली करून लोंबकळत असली तर ती क्युलेक्सची नाहीतर डेंग्यूच्या एडिसची. अ‍ॅनोफेलीसचा पूर्ण वाढलेला डास भिंतीवर बसला की मागची बाजू उचलून तिरका दिसतो. तेव्हा तुमच्या आईला सांगा, आशाताई खरं बोलत होत्या.

आता मूळ प्रश्न. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात आपोआप होत नाही. तो माणसाच्या रक्तातून डासात जातो आणि डासातून परत माणसात येतो. हे शोधलं गेलं आपल्या शेजारीच, सिकंदराबादला. २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत ते जंतू वाढताना दिसले. मादी आजारी माणसाला चावते, जंतू तिच्या पोटात जातात, तिथं वाढतात आणि मग तिच्या लाळेच्या ग्रंथीत येऊन बसतात. उबदार हवेत याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे नीट बघा : एकच मादी, तिनं दोनदा चावायला पाहिजे, दोन्ही वेळा माणसालाच, आणि मधले दहा-बारा दिवस ती जगली पाहिजे. डासाच्या आयुष्याच्या मानानं हे दिवस फार झाले. बहुतेक माद्या त्याआधीच मरतात.

ही अट जिथं सहज पुरी होते तिथं मलेरिया, होत नाही तिथं नाही. सगळा खेळ इथंच आहे.

सोलापूरचं बघा. पाऊस बेताचा, तोही खरा सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यात डास दहा दिवस जगतच नाही. हिवाळ्यात रात्री गार पडल्या की जंतूची वाढ मंदावते. मलेरियाच्या जंतूच्या मुख्य दोन जातींपैकी फाल्सिपेरमची वाढ साधारण २० अंशांखाली थांबते, व्हायवॅक्सची १६ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडं या रोगाला मोकळं रान मिळतं ते पावसाच्या शेवटापासून दिवाळीच्या पुढं थोडं. आमची सगळी धावपळ त्याच दिवसांत असायची. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला मात्र बारा महिने ऊबही आणि दमटपणाही. रोगाला सुट्टीच नाही.

दुसरी गोष्ट डासाची जात. आपल्या खेड्यातला मलेरियाचा मुख्य डास क्युलिसिफेसीस. तो गोठ्यात दबा धरून असतो आणि जास्त करून जनावरालाच चावतो. एकदा माणसाला चावला आणि पुढच्या वेळी बैलाला, की साखळी तुटली. आफ्रिकेतला गॅम्बी हा माणसावरच टपलेला. हिशेब समजावा म्हणून आकडे धरतो : आपली मादी दहातल्या एका वेळी माणसाला चावत असेल तर लागोपाठ दोन्ही वेळा माणूस सापडण्याची शक्यता शंभरात एक. तिकडची दहातल्या नऊ वेळा चावत असेल तर शंभरात एक्क्याऐंशी. डास तेवढेच, ऊन तेवढंच, आणि फरक एक्क्याऐंशी पट. मी नवीन पोरांना ट्रेनिंगला हाच हिशेब फळ्यावर मांडून दाखवायचो.

शिवाय गॅम्बी वाढतो कुठं, तर पावसाच्या उघड्या डबक्यात, गाडीच्या चाकोरीत, जनावराच्या खुराच्या खळग्यात, विटांसाठी माती काढलेल्या खड्ड्यात. आपण हौद मोजू शकतो, विहिरी मोजू शकतो. खुराचे खळगे कोण मोजणार? पाऊस पडला की नवे.

तिसरी गोष्ट, जंतूची जात. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, तिकडचा वेगळा असतो. तुम्हाला लहानपणी झाला तो बहुधा व्हायवॅक्स. तो सहसा जीव घेत नाही, पण यकृतात लपून बसतो आणि काही महिन्यांनी परत उठतो. युगांडात जवळजवळ सगळा फाल्सिपेरम. तो मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर दोन-तीन दिवसांत माणूस हाताबाहेर जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाची खूण नसते, म्हणून व्हायवॅक्सला तिथं फारसा शिरकावच मिळत नाही. फाल्सिपेरमला मात्र तिची गरज नाही.

आता गरिबीचं. गरिबी घाणीतून मलेरिया आणत नाही, उशिरातून आणते. भिंत आणि छप्पर यांच्यात फट असलेलं घर, खिडकीला जाळी नाही, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, गेलं तर मजुरी बुडते. मग ताप अंगावर काढायचा. आणलेल्या सहा गोळ्यांतल्या तीन पुढच्या पोरासाठी ठेवायच्या. तोवर त्या माणसाच्या रक्तात जंतू, आणि रोज रात्री डास येऊन ते घेऊन जातायत. आमच्या भाषेत माणूसच साठा, डास नुसता वाहक. तिकडच्या मोठ्या माणसांना लहानपणापासून इतक्या वेळा मलेरिया होऊन गेलेला असतो की जंतू रक्तात असूनही ताप येत नाही. हिंडतात, फिरतात, काम करतात, आणि साठा वागवतात. ही सवय ज्यांच्या अंगाला अजून लागलेली नाही ती लहान पोरं जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ सालचा अंदाज : जगात २६.३ कोटी रुग्ण, ५ लाख ९७ हजार मृत्यू. यातले शंभरात पंच्याण्णव मृत्यू आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतल्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांश पाच वर्षांखालच्या पोरांचे. तुमच्या मुलाच्या अंगातही ती सवय नाही हे ध्यानात ठेवा. सोलापुरी डास चावून घेतले म्हणून तिथं काही सवलत मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, ते देशच तसले. थांबा. १९४७ साली आपल्याकडं दर वर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, तेव्हा लोकसंख्या होती तेहतीस कोटी. म्हणजे आजची आफ्रिका तेव्हा इथं होती. १९५३ ला नियंत्रण कार्यक्रम निघाला, १९५८ ला त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला. घरोघर डीडीटी मारलं. ते का चालायचं? मादी रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर टेकते, आणि भिंतीला औषध असतं. ती दहा-बारा दिवस जगायच्या आत मरते, जंतू तिच्याबरोबर मरतो. १९६५ च्या सुमारास देशात रुग्ण राहिले लाखभर. आणि १९७६ ला किती? ६४ लाख!

असं का झालं यावर मोठे अहवाल आहेत. मी माझ्या पातळीवरून सांगतो : काम निम्म्यावर सोडलं. रोग गेला असं समजून पैसा आणि माणसं दुसरीकडं गेली. औषध वेळेत यायचं नाही. डासांना डीडीटीची सवय झाली. शहरांत तर भिंती फवारण्याचा कार्यक्रमच नव्हता, अळ्यांवर भागवायचं, आणि तेही धड नाही. आमच्या हाताखाली जे व्हायचं ते वेगळंच. फवारणीवाले आले की बाया सांगायच्या, देवघर सोडा, चूल सोडा, धान्याची खोली सोडा. राहिलं काय, ओसरी! आणि ओसरीही आठ दिवसांत शेणामातीनं सारवून मोकळी. औषध सारवणाच्या आत, डास बाहेर. त्यांना तरी काय बोलणार, सणाला घर सारवू नका म्हणून सांगणारे आम्ही कोण?

श्रीलंकेचंही तेच झालं. १९६३ साली अख्ख्या देशात १७ रुग्ण राहिले होते. हात आखडता घेतला आणि त्याच दशकाच्या शेवटाला लाखांनी रुग्ण. पण त्यांनी परत धरलं, रोज कामगार पाठवला, एकेका रुग्णाच्या मागं गेले, आणि सप्टेंबर २०१६ ला देश मलेरियामुक्त म्हणून जाहीर झाला. श्रीलंका गरमच आहे, दमट आहे, आणि काही फार श्रीमंत नाही. म्हणून हवामानाला दोष देऊन हात झटकणाऱ्यांचं मला पटत नाही. हवा रोगाला जागा देते, पण तो टिकतो तो आपल्या अर्धवट कामावर.

अर्धवट म्हटलं की मला प्रायमाक्विन आठवतं. व्हायवॅक्स यकृतातून काढायचा तर चौदा दिवस गोळ्या. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो. मग गोळ्या कोनाड्यात, कागदाच्या पुडीत. मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात, जिथं उजनीच्या कालव्याचा पाझर साठून डबकी व्हायची, तिथं मी तपासायला गेलो की आधी कोनाड्यात हात घालायचो. पुडी सापडायचीच. आणि ऊसतोडीच्या कोप्या तर आणखी अवघड. पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकची कोपी, फवारायला भिंतच नाही. माणसं पहाटे फडात, रात्री परत, चार महिन्यांनी गाव सोडून पसार. बोटाला टोचलेल्या रक्ताचा रिपोर्ट यायचा तेव्हा टोळी दुसऱ्या तालुक्यात.

धुराच्या गाडीबद्दल, पप्पूशेठ : धूर त्या घटकेला उडणाऱ्या डासाला मारतो. घरात कपाटामागं बसलेला आणि हौदातली अळी, दोघंही सुखरूप. गाडीचा आवाज होतो, लोकांना काम झाल्यासारखं दिसतं, बाकी काही नाही. साथ भडकलेली असेल तेव्हा ठीक.

जिंजाकर_पंढरपूरचा

वरचं उत्तर वाचून खूप दिवसांनी लॉगिन केलं. मी मूळचा पंढरपूरचा, पॅन इनचार्ज (साखर शिजवायच्या पॅनवरचा प्रमुख), आता युगांडात जिंजाच्या बाजूला एका साखर कारखान्यात आहे. काकांनी कारणं सांगितली, मी रोजच्या व्यवहारातलं सांगतो.

इथं दोन पावसाळे. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, साधारण. मधल्या काळातही मलेरिया असतोच. इथला डास रात्री उशिरा चावायला सुरू करतो, पहाटेपर्यंत. त्यामुळं मच्छरदाणी हे सगळ्यात मोठं औषध, औषध लावलेली, आणि गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली. नुसती टांगून उपयोग नाही. पण केमिस्ट म्हटलं की नाइट शिफ्ट आली, आणि शिफ्टला मच्छरदाणी कुठून आणणार? रात्रीच्या पाळीत लांब बाह्या, पायात मोजे, अंगाला मलम. नवीन आलेली पोरं हाफ पँटवर लॅबच्या बाहेर चहा प्यायला उभी राहतात. महिन्याभरात एकदा कॅम्पच्या दवाखान्यात गेली की शहाणी होतात.

इथं तापाला कोणी हसत नाही. ताप आला की त्याच दिवशी बोटाचं रक्त, किटवर पंधरा-वीस मिनिटांत समजतं, आणि फाल्सिपेरम निघाला तर आर्टेमिसिनिन असलेल्या जोडगोळ्या तीन दिवस. आर्टेमिथर-ल्युमेफॅन्ट्रिन मिळालं तर ते दुधाबरोबर किंवा तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, रिकाम्या पोटी नीट लागू पडत नाही. मला झाला तेव्हा सकाळी थंडी वाजली, दुपारपर्यंत गोळ्या पोटात होत्या. तिसऱ्या दिवशी अशक्तपणा सोडला तर ठीक होतो.

सरकार फुकट मच्छरदाण्या वाटतं. सरोवराच्या काठाला त्यांनी मासे धरताना मी पाहिलेत. आपली मंडळी नावं ठेवतात. मी विचारलं एकाला, तो म्हणाला मासा आज रात्रीच्या जेवणाला लागतो, ताप येईल तेव्हा येईल. मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही.

मालक, मुलाला तीन गोष्टी सांगा. निघायच्या आधी प्रवासाच्या औषधांची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांचं ठरवायचं, दोन वर्षांसाठी काय करायचं ते तेच सांगतील, ऐकीव माहितीवर गोळ्या घ्यायच्या नाहीत. पिवळ्या तापाची लस घेऊन त्याचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं. त्याचा मलेरियाशी संबंध नाही, पण त्याशिवाय येणं-जाणं होत नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : सुट्टीवर सोलापूरला आल्यावर ताप आला तर डॉक्टरकडं पाय ठेवताक्षणी "मी युगांडातून आलोय" हे पहिलं वाक्य. आमच्यातला एक जण घरी गेल्यावर चार दिवस व्हायरलचं औषध घेत बसला, पाचव्या दिवशी आयसीयूत. वाचला, पण थोडक्यात.

काचपट्टी_ताई

मी सोलापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जिंजाकरदादांनी शेवटी लिहिलं त्यावर थोडं.

हल्ली ताप आला की लोक येऊन म्हणतात "प्लेटलेट करा". डेंग्यूची धास्ती. पण प्लेटलेट मलेरियातही उतरतात, आणि प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून डेंग्यू धरून बसलेले पेशंट मी पाहिलेत, ज्यांच्या काचपट्टीवर व्हायवॅक्स बसलेला होता. दुसरी गंमत टायफॉइडच्या विडाल चाचणीची. मलेरियाच्या तापातही ती कधीकधी थोडी वर दिसते, मग टायफॉइडचं औषध सुरू.

मलेरिया बघायचा तर जाड आणि पातळ असे दोन्ही थर एका काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, किंवा किट. जाड थरात जंतू आहे का ते लवकर सापडतं, पातळ थरात जात ओळखू येते, आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही, ताप चालू असेल तर एक-दोन दिवसांत परत करायची. रक्त गोळ्या चालू करायच्या आधी द्या. बरेच जण घरातली उरलेली पाकिटं संपवून मग येतात, जंतू अर्धमेला झालेला, दिसतही नाही आणि जातही नाही.

आणि काका म्हणाले त्या प्रायमाक्विनच्या आधी जी-सिक्स-पीडी ही तपासणी झालेली बरी. काहींच्या रक्तात ते एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळीनं फुटतात. गरोदर बाईला ती गोळी देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची पुडी शेजाऱ्यालाच राहू द्या.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. काकांचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. "शंभरात एक्क्याऐंशी" ऐकून ती जास्तच घाबरली, पण जिंजाकरांचं वाचल्यावर जरा शांत झाली. पोराला लिंक पाठवलीय, हाफ पँटवाल्या ओळीवर तो हसला.

दोन शंका. मलेरियाची लस निघालीय आणि ती पुण्यातच बनते असं ऐकलं, ती त्याला देता येईल का? आणि हौदाचं काय करू ते काकांनी सांगितलंच नाही. आईचं म्हणणं, एवढं पाणी ओतायला लावणाऱ्यांनी आधी रोज पाणी सोडावं.

निवृत्त_आरोग्यसेवक

लस आहे. आर-ट्वेंटीवन नावाची, ऑक्सफर्डवाल्यांनी काढलेली, पुण्याची सीरम बनवते. ऑक्टोबर २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. पण ती आफ्रिकेतल्या तान्ह्या आणि लहान पोरांसाठी आहे, चार डोस. तुमच्या जवान मुलासाठी नाही. त्याला मच्छरदाणी, डॉक्टर सांगतील त्या प्रतिबंधक गोळ्या आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त, एवढंच.

आईंचं म्हणणं मी खोडणार नाही. रोज पाणी आलं असतं तर एवढे हौद लागलेच नसते, आणि शहरातला मलेरियाचा डास, स्टीफेन्सी, त्याला इतक्या बाळंतखोल्या मिळाल्या नसत्या. मुंबईत १९११ सालीच बेंटली नावाच्या अधिकाऱ्यानं विहिरींकडं बोट दाखवलं होतं. साठवलेलं निवळ पाणी आणि शहर, ही या डासाची आवडती जोडी. आता तर तो परदेशी निघालाय. २०१२ ला आफ्रिकेच्या टोकाला जिबूतीत सापडला, तेव्हा त्या देशात मलेरियाचे २७ रुग्ण होते. २०२० ला ७३ हजारांवर गेले. तिकडं आजवर मलेरिया मुख्यतः खेड्यांचा. शहरं वाढतायत, पाणी तिथंही पिंपात आणि टाकीत साठवतात, म्हणून सगळे धास्तावलेत. तिकडच्या डबक्यातल्या डासाशी लढायची तयारी, आणि वर हा आपला हौदातला पाहुणा.

आता तुमचा हौद. अंड्यापासून उडता डास व्हायला गरम दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. पाणी पाचव्या दिवशी येतं, म्हणजे खरं तर अडचण नसायला पाहिजे. पण पूर्व भागातल्या घरांत मी एक गोष्ट कायम बघितली : हौद पुरता रिकामा कोणीच करत नाही. पाणी आलं की तळाच्या हातभर पाण्यावर नवीन पाणी. वरचं वापरलं जातं, तळाचं महिनोन्‌महिने तिथंच, आणि अळी तिथंच वाढत राहते. ओतून द्यायची गरजच नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी तळाचं पाणी बादलीनं काढून भांडी, फरशी, झाडं, कशालाही वापरा, हौदाच्या भिंती आतून खराट्यानं घासा, कारण एडिसची अंडी भिंतीला चिकटून कोरडीही टिकतात. मग नवीन पाणी भरा. हौदाला मध्ये आडभिंत असेल तर आणखी सोपं, एक कप्पा पूर्ण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वर जुनी चादर दोरीनं ताणून बांधा, तुमच्याकडं चादरींना तोटा नसेल. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला फट ठेवू नका, आणि संडासच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, ती मात्र क्युलेक्ससाठी.

पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात, झाकून. धुण्याभांड्याच्या हौदात गप्पी मासे सोडलेत तर अळीचं काम तेच करतात, नुसतं हौद पूर्ण कोरडा करायच्या वेळी त्यांना बादलीत काढायचं ध्यानात ठेवा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

गप्पी कुठं मिळतील काका? हौद आठ बाय चारचा आहे. आई म्हणते मासे चालतील, पण चावणारे नकोत.

निवृत्त_आरोग्यसेवक

चावत नाहीत, बोटापेक्षा मोठेही होत नाहीत. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी फुकट देतात, नसले तर कुठल्या हौदात पाळलेत ते सांगतील. तुमच्या हौदाला वीस-पंचवीस पुरे, पुढं ते आपोआप वाढतात. नेताना रुंद तोंडाची बरणी न्या, निम्मीच भरा, आणि झाकणाला भोकं पाडा. घरी आल्यावर नळाचं ताजं पाणी एकदम घालू नका, क्लोरीननं मरतात. एक दिवस ठेवलेलं पाणी घ्या.